आजीचा आकडा

समाजशास्त्राच्या सरांनी आम्हाला यंदा एक प्रकल्प दिला. नवे तंत्रज्ञान स्वीकारायला माणसे किती तयार आहेत, ते मोजायचे. मोजायचे म्हणजे विधाने वाचून दाखवायची आणि ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ असे एक ते पाच आकडे भरून घ्यायचे. ए. परशुरामन या अभ्यासकाने २००० साली अशी एक फूटपट्टी तयार केली. आशा आणि नावीन्याची हौस माणसाला पुढे ओढतात, अवघडलेपणा आणि असुरक्षितता मागे खेचतात, असा तिचा हिशेब.

माझ्या यादीत पहिले नाव आजीचे. खरे सांगायचे तर ‘नवी गोष्ट इतरांच्या आधी करून बघायला मला आवडते’ या विधानापुढे तिला विचारण्याआधीच मी पेन्सिलीने ‘१’ लिहून मोकळा झालो होतो. जी बाई मोबाईल उलटा कानाला लावते, तिला काय विचारायचे! घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा मी. एवढा शहाणपणा अंगी येणारच.

तरी वाचून दाखवले. आजी हसली.

“गावात हायब्रीड पयल्यांदा कुणी पेरलं, ठावं हाय का? तुज्या आज्यानं.”

देशात पहिली संकरित ज्वारी १९६४ साली आली, हे मी वाचले होते. पुढे ती आमच्याही वावरात आली होती, हे मात्र मी घरात कधी विचारलेच नव्हते.

“आदी कडंच्या चार काकऱ्या पेरल्या. दाणा बख्खळ आला. दुसऱ्या साली समदं रान हायब्रीड केलं. ऐन काढणीत पाऊस लागला, कणसं काळी पडली. ताटं ही अशी आखूड, कडबा कुठनं मिळायचा? एक बैल इकला बघ.”

पुढच्या साली आजोबांनी निम्मे रान जुन्या ज्वारीला दिले. आता या माणसाला कोणता आकडा द्यावा? पहिल्या वर्षी पाच आणि तिसऱ्या वर्षी तीन?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संकरित मक्याचा रायन आणि ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ साली छापून आला. त्यातल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात ते बियाणे घेतले. पण आधी थोड्या रानात पेरून पाहिले. म्हणजे तिथेही चार काकऱ्याच! एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात सर्वांत मागच्या १६ टक्क्यांना रेंगाळणारे म्हटले आहे. तो शब्द आजीच्या नावापुढे लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नव्हता. आणि चुकले तर बैल कोणाचा जाणार, हा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत कुठेच नाही.

परवा आत्याला पाचशे रुपये पाठवायचे होते. मी म्हटले, “आजी, फोनवरून पाठवतो, आत्ता पोचतील.”

“धाड. पर आदी एकच रुपाया धाड. पोचला म्हून तिला सांगू दे.”

रुपया गेला. आत्याचा फोन आला. मग उरलेले चारशे नव्व्याण्णव गेले.

तो ‘१’ मी खोडला आहे. तिथे काय लिहावे ते सुचत नाही, आणि प्रकल्प शनिवारी द्यायचा आहे.