देवळालीचा ताप

देवळाली कॅम्प म्हटले की आम्हां नाशिककरांना काय काय आठवते! कोरडी, मोकळी हवा, झाडीतून जाणारे सरळ रस्ते, लॅम रोडवरचे जुने बंगले, हवापालटासाठी येणाऱ्या पारशी-गुजराती मंडळींची आरोग्यभवने, खंडोबाची टेकडी, आणि तोफखान्याच्या शाळेचा सराव चालू असला की मधूनच खिडक्यांची तावदाने थरथरवणारा तो गंभीर आवाज. इंग्रजांना मात्र हे नाव ऐकून भलतेच काही आठवते. त्यांच्या शब्दकोशात आमच्या देवळालीला मानाची जागा मिळाली आहे, पण वेडेपणाच्या अर्थाने!

हकीकत अशी. 1861 पासून इथे गोऱ्या फौजेची छावणी. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथे पडून राहत. जहाजे सुटायची ती हिवाळ्याच्या मोसमात. ज्याची मुदत ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे, त्याने सारा उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढायचा. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, मनात घर! कोणी दारूला लागे, कोणी मारामाऱ्या करी, कोणाचे डोकेच फिरे. अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला असे त्याचे सोबती म्हणत. 'डूलॅली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. या तापाची मुळे कोशकार संस्कृतापासून फारसीपर्यंत कुठेही नेवोत, डोक्याचा ताप तो डोक्याचा तापच. वर्षातून एकदा मी हे वर्गात सांगतो. त्या तासाला मुले जागी असतात.

गेल्या पौषातल्या संकष्टीला आम्ही चौघे कॉलेजमित्र देवळालीत जमलो होतो. निमित्त आनंदाचे नव्हते. बापूच्या आजोबांनी बांधलेले कौलारू घर विकले गेले होते. भावाभावांत ठरले, कागद झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली देऊन बापू पुण्याला जायचा होता. परीक्षेच्या दिवसांत त्याच घराच्या ओट्यावर आम्ही रात्री जागवल्या होत्या. म्हणून शेवटच्या रात्रीला सोबत करायला गेलो. घरात एक सतरंजी, चार उशा आणि एक केरसुणी उरली होती. गॅसची टाकीसुद्धा गेलेली. बापू संध्याकाळपासून दहा शब्दही बोलला नव्हता.

नानाला संकष्टी सोडायची होती. चंद्र केव्हाच वर आला होता. तेव्हा साडेदहाच्या सुमारास, निफाडला शोभेल अशा थंडीत आम्ही उघडे हॉटेल शोधत निघालो. चौघांत मिळून माकडटोपी एकच, ती नानाच्या डोक्यावर.

एक हॉटेल सापडले. पत्र्याची शेड, सहा टेबले, गल्ल्यावर मालक. ऑर्डर घ्यायला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला. अंगातल्या स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या.

"तुम्हाला काय, साहेब?" त्याने बापूला विचारले.

"काहीही," बापू म्हणाला.

"ते संपलं, साहेब."

बापूच्या वतीने मीच ऑम्लेट-पाव सांगितला. नानाला शेवभाजी-भाकरी, दत्ताला भुर्जी, मला डाळखिचडी. मुलगा ओठांशी पुटपुटत पाठ करू लागला. कागद फक्त बिलासाठी वापरायचा, असे मालकाचे फर्मान होते म्हणे. मला दया आली. खिशात स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका होती. तिच्या पाठीवर मी सगळे व्यवस्थित लिहून दिले आणि तळाशी 'तिखट कमी' अशी पुस्ती जोडली. मुलाने कागद उलटसुलट करून पाहिला, "हो सर" म्हणाला आणि गेला.

दारातून वारा येत होता म्हणून आम्ही जागा बदलल्या. बापू दाराशी गेला, तेव्हा नानाने टोपी काढून त्याच्या डोक्यावर चढवली.

पहिल्यांदा आली दोन प्लेट भजी. ती कोणीच मागवली नव्हती. मग माझ्यापुढे एक वाटी आली. तिच्या तळाशी चिमूटभर लाल तिखट.

"हे काय?"

"तिखट, सर. कमीच आणलंय."

त्यानंतर शेवभाजी बापूपुढे, खिचडी दत्तापुढे, आणि ऐन संकष्टीला नानाच्या पुढ्यात वाफाळते ऑम्लेट! "शिव शिव" करत नाना उठला आणि त्याच्या कोपराने पाण्याचा जग आडवा झाला. मीही आवाज चढवला, खोटे कशाला बोलू! वर्गात चढतो तसाच चढला. मालक गल्ल्यावरून ओरडला, "आज तिसऱ्यांदा! सगळे पैसे तुझ्या पगारातून कापतो. उद्या घरी जा!"

मुलगा खाली मान घालून ओले टेबल पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "शेवभाजी माकडटोपीची होती, मालक. टोपी फिरली." आणि स्वेटरच्या आतून माझी पत्रिका काढून त्याने गल्ल्यावर ठेवली. "आणि हे अक्षर लागत नव्हतं. भजी वाटलं."

मालकाने चष्मा लावला, कागद दिव्याशी धरला. "कोणत्या भाषेत आहे हे?"

"मराठीत," दत्ता म्हणाला. "लिहिणारे गृहस्थ मराठीचे प्राध्यापक आहेत."

बापू हसला. आधी खांदे हलले, मग टोपी डोळ्यांवर आली, मग तो टेबलावर डोके टेकून हसत सुटला. आम्हीही हसलो. काही वेळाने आमचे थांबले. त्याचे खांदे हलतच होते. नानाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मुलाने न सांगता पाण्याचा पेला आणून ठेवला. तेवढा मात्र अचूक माणसापुढे.

मी गल्ल्यापाशी गेलो. चूक आमची, भज्यांसकट सगळे आमच्या बिलात धरा, आणि याला कामावरून काढू नका, असे सांगितले. मालक गुरगुरला, पण "राहू दे" म्हणाला. मुलगा सुरगाण्याकडचा. दहावी झालेला.

"मराठीत किती पडले?" मी सवयीने विचारले.

"बहात्तर, सर."

बिल त्यानेच लिहिले. टपोरे, सुटे अक्षर, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी. माझ्या एम.ए.च्या मुलांत असे अक्षर दोघांचेही नाही. भज्यांपुढे त्याने कंसात 'न मागवलेली' असे लिहिले होते.

परतताना बापू बोलत होता. आजोबा लष्कराचे गणवेश शिवत, ओट्यावर दोन यंत्रे कशी होती, तोफ वाजली की आजी दूध उतू जाऊ देई आणि दोष तोफेला देई. सतरंजीवर पडल्यावरही बोलतच होता. मला मध्येच झोप लागली.

सकाळी जाग आली तेव्हा तो केरसुणी घेऊन अंगण झाडत होता. घर घेणारी मंडळी नऊला यायची होती.