मिरजेची चित्रगृहे आणि साखळ्यांचे विलीनीकरण

मिरजेत सिनेमाआधी नाटक रुजले. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शाकुंतल’मधून बालगंधर्वांनी याच गावात रंगभूमीवर पदार्पण केले. १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते संत एकनाथ म्हणून पडद्यावर आले. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने चित्रपटनिर्मितीचा पाया घातला होता.

नाटकवेड्या गावाला देवल टॉकीजसारख्या एकपडदा चित्रगृहांनी सिनेमाची गोडी लावली. खाली स्वस्त बाकडी, वर बाल्कनी. हमाल, विद्यार्थी, सावकार एकाच छपराखाली हसत-रडत. पुढे दूरदर्शन, व्हिडिओ, केबल आणि मोबाइल आले, तशी ही गर्दी ओसरत गेली.

शहरांत मल्टिप्लेक्स वाढले आणि मोठ्या साखळ्यांनी लहान साखळ्या गिळल्या. आयनॉक्सने फेम घेतली, पीव्हीआरने सिनेमॅक्स. मार्च २०२२ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स यांनीच आपसांत विलीनीकरण जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पूर्ण झाले. दीड हजारांहून अधिक पडदे एका कंपनीकडे आले.

विलीनीकरणामुळे खर्च वाचतो, कर्जाचे ओझे पेलता येते, हे खरे. पण तिकिटाचा दर, खेळांच्या वेळा आणि निर्मात्याचा वाटा ठरवण्याची ताकदही एकवटते. त्याचा पहिला फटका कमी बजेटच्या मराठी चित्रपटाला बसतो: सोयीची वेळ मिळत नाही आणि प्रेक्षकांत चर्चा होण्याआधीच तो उतरतो. म्हणून मिरजेसारख्या गावांत परवडणाऱ्या दराची स्वतंत्र चित्रगृहे टिकणे गरजेचे आहे.