एडमंटनच्या दफ्तरखान्यातील तसबिरी

कॅनडात कॅलगरीहून उत्तरेस एडमंटनला जाणारा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता इतका सरळ आणि दोन्ही अंगांची जमीन इतकी सपाट आहे की, सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाची नजर टेकावयास काहीतरी शोधत राहते आणि तिला सापडतात ती कापणी झालेल्या गव्हाची पिवळी धसकटे, रुळांच्या कडेची धान्याची उंच कोठारे आणि या सर्वांवर पसरलेले अफाट आकाश. या प्रेअरीत, म्हणजे गवताळ सपाटीत, माणूस फारच लहान दिसतो. आणि म्हणूनच, सव्वाशे वर्षांपूर्वी येथे आलेल्या दरिद्री शेतकऱ्यांनी पदरचे पैसे मोडून स्टुडिओत आपली तसबीर काढून घेतली, हे वाचल्यापासून त्या तसबिरी प्रत्यक्ष पाहण्याची ओढ मला लागली होती.

आल्बर्टा प्रांताचा दफ्तरखाना शहराच्या दक्षिणेस रोपर रोडवर आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल ज्याने पाहिले आहेत, त्याला येथल्या पुठ्ठ्याच्या पेट्या प्रथमदर्शनी रुक्ष वाटतील. परंतु शिस्त तीच. पिशवी बाहेर ठेवायची, शाईचे पेन आत न्यायचे नाही, मागणीचिठ्ठी रुजू करायची आणि वाट पाहत बसायचे. माझ्यापुढे आली ती काचेची एक निगेटिव्ह. प्रकाशाच्या मेजावर ती ठेवताच एक जोडपे उमटले, चेहरे काळेभोर आणि कोट दुधासारखा पांढरा. पुरुष खुर्चीवर बसलेला, बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी, डोक्यास रुमाल बांधलेला. मागे संगमरवरी खांब आणि लताकुंज रंगवलेला पडदा. भिंगातून पाहिले तेव्हा बाईच्या कपाळावर आणि डोळ्यांखाली शिसपेन्सिलीच्या अतिसूक्ष्म रेघांचे जाळे दिसले. निगेटिव्हवर शिसे भरले की छापील प्रतीत तेवढी जागा उजळ उमटते, म्हणजे सुरकुती पुसली जाते. कोणा कारागिराने तासभर बसून त्या बाईचे कष्टाचे वय उतरवले होते. पुरुषाच्या बुटांवरचा चिखल मात्र तसाच राहिला होता. काचेच्या कोपऱ्यात क्रमांक खरवडलेला होता, नाव नव्हते.

या माणसांना येथे आणले ते जमिनीने. 1872 च्या कायद्यान्वये दहा डॉलर दाखल फी भरून 160 एकर जमीन मिळे, मात्र तीन वर्षांत तेथे राहून ठराविक क्षेत्र लागवडीखाली आणावे लागे. 1896 पासून क्लिफर्ड सिफ्टन या मंत्र्याने युरोपभर या सवलतीची दवंडी पिटली आणि गॅलिशियातील युक्रेनी शेतकरी सहकुटुंब आगबोटींत चढले. मातीच्या छपराच्या घरात पहिले हिवाळे काढलेल्या त्या कुटुंबांना मायदेशी असलेल्या आईबापांना आपली खुशाली कळवावयाची असे, आणि जेथे अक्षरओळखच थोडी, तेथे पत्राचे काम तसबिरीने केले. रंगवलेल्या खांबाला यासाठीच मोल होते. त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. ती सुखरूप पोचल्याची ग्वाही होती.

एडमंटनमध्ये हा व्यवसाय चार्ल्स मेदर्स याने 1890 नंतरच्या दशकात नावारूपास आणला. 1904 मध्ये इंग्लंडमधून आलेल्या अर्नेस्ट ब्राउन याने मेदर्सचा स्टुडिओ विकत घेतला, पुढे त्याच्या जुन्या निगेटिव्हच्या काचाही घेतल्या. दुसऱ्याच वर्षी आल्बर्टा स्वतंत्र प्रांत झाला, रेल्वे शहरात आली आणि स्टुडिओपुढे माणसांची रीघ लागली. जॅस्पर अव्हेन्यूवर ब्राउनने बांधलेली विटांची इमारत मी संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिली. ती पुरती उभी राहते न राहते तोच जमिनीच्या किमती कोसळल्या, युद्ध पेटले आणि 1914 मध्ये 72 हजारांवर असलेली शहराची लोकसंख्या दोन वर्षांत 54 हजारांवर आली. कर्ज थकले, इमारत हातची गेली, आणि ब्राउन व्हेग्रेव्हिल या लहान गावी जाऊन पुन्हा चेहरे टिपू लागला. परंतु काचा त्याने सोडल्या नाहीत. त्या काळी दिवाळखोर छायाचित्रकाराच्या काचा धुऊन खिडक्यांना बसवण्यासाठी विकल्या जात, हे लक्षात घेतले म्हणजे या हट्टाची किंमत कळते. 1947 मध्ये प्रांतिक सरकारने तो संग्रह खरेदी केला.

या हट्टात त्याला एका स्त्रीची साथ होती. ग्लॅडिस रीव्ह्ज 1905 मध्ये, पंधराव्या वर्षी, ब्राउनच्या स्टुडिओत कामास लागली आणि 1920 मध्ये तिने स्वतःचा स्टुडिओ थाटला. 1929 मध्ये तो आगीत सापडला. तिच्या काचा गेल्या. तरीही ब्राउनच्या जुन्या चित्रांचे संग्रहालय उभारण्यात आणि शाळांसाठी चित्रमाला सिद्ध करण्यात ती त्याच्या खांद्याला खांदा लावून राबली. स्वतःचे जळून गेल्यावर दुसऱ्याचे जपण्याइतके मोठे मन फार थोड्यांना लाभते.

मात्र जपणुकीतही पंक्तिप्रपंच झाला, हे सांगितलेच पाहिजे. येथले मूलनिवासी क्री लोक या जागेस अमिस्क्वाचीवास्काहिकन म्हणत आले आहेत. 1876 च्या सहाव्या तहाने ही भूमी सरकारच्या ताब्यात गेल्यानंतर तेच लोक स्टुडिओंत पिसांसह बसवले गेले आणि त्यांच्या तसबिरींखाली बहुधा ‘इंडियन स्त्री’ इतकीच नोंद पडली. 2002 च्या सुमारास राष्ट्रीय दफ्तरखान्याने अशा तसबिरी उत्तरेतील इन्युइट वृद्धांपुढे ठेवून नावे विचारावयास आरंभ केला आणि पुढे हा उपक्रम इतर मूलनिवासी समाजांपर्यंत नेला. नातवंडे चित्र दाखवतात, आजी नाव सांगते, नोंद दुरुस्त होते. ज्यांना ओळखणारे कोणी उरले नाही, त्यांच्यापुढे मात्र क्रमांकच राहतो.

वाचकहो, आपल्या घरच्या जुन्या तसबिरी एकवार खाली उतरवा. ओळखणारी माणसे आहेत तोवर प्रत्येकीच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. शाई पाठीतून पुढे फुटते.