मंकडांच्या षटकांचं काय?

लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमागच्या संग्रहालयात गर्दी जमते ती ॲशेसच्या कलशाभोवती. मातीचा, जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीचा तो कलश इव्हो ब्लाय या इंग्लिश कर्णधाराला १८८२-८३च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियात मिळाला. ब्लायच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने तो एमसीसीला दिला. मी कलश डोळे भरून पाहिला, पण मला ओढ होती चिमणीची.

ती चेंडूवर बसवलेली आहे. तपकिरी पिसं, बारीक चोच, आणि खाली लाल चामडं. १९३६च्या जुलैत याच मैदानावर केंब्रिज विद्यापीठाकडून गोलंदाजी करणाऱ्या जहांगीर खान यांचा चेंडू तिला लागला आणि ती मेली. तिच्यात पेंढा भरून तिला जपलं गेलं. हे जहांगीर खान जालंधरचे. सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली भारत १९३२ साली पहिलावहिला कसोटी सामना खेळला, तो इथेच, आणि त्या संघात ते होते. दुसऱ्या डावात त्यांनी चार बळी मिळवले. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे झाले, त्यांचा मुलगा माजिद खान पुढे त्या देशाचा कर्णधार झाला. चिमणी अपघाताने मेली आणि कपाटात आली. ते चार बळी मेहनतीचे होते, ते कुठे ठेवणार?

तेव्हापासून मला विनू मंकड आठवत राहिले. १९५२च्या इंग्लंड दौऱ्यात ते सुरुवातीला संघातच नव्हते. लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डनकडून खेळत होते. पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी दाणादाण उडाली आणि लॉर्ड्ससाठी मंकडांना बोलावणं गेलं. त्यांनी सलामीला येऊन ७२ केल्या. मग इंग्लंडच्या डावात तब्बल ७३ षटकं टाकून १९६ धावांत पाच बळी घेतले. तो डाव संपतो न संपतो तोच पॅड बांधून पुन्हा सलामीला, आणि १८४ धावा! संघाच्या ३७८पैकी जवळजवळ निम्म्या त्यांच्या. त्यानंतर आणखी २४ षटकं. सामना आपण आठ गड्यांनी हरलो. पण एका माणसाने मैदानावर इतकं ओझं वाहिलेलं मला दुसरं ठाऊक नाही.

पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये सन्मानफलक आहेत. फलंदाजीच्या फलकावर मंकड, गोलंदाजीच्याही फलकावर मंकड, आणि दोन्ही एकाच सामन्यामुळे. खाली वेंगसरकर तीनदा भेटतात: १९७९, १९८२, १९८६. शेवटच्या वेळी नाबाद १२६, आणि लॉर्ड्सवरचा भारताचा पहिला कसोटी विजय. आमच्या दादरकराचं नाव तिथे वाचताना ऊर भरून येतो, हे सांगायला मला कसलाही संकोच नाही.

तरीही फलकावर निकाल असतो, कष्ट नसतात. ‘५-१९६’ या आकड्यात ती ७३ षटकं दिसत नाहीत. माझ्या हाती असतं तर मी त्या सामन्याच्या स्कोअरबुकातलं मंकडांचं गोलंदाजीचं पान मिळवून काचेखाली उघडं ठेवलं असतं. एका डावातले ४३८ चेंडू. बघणाऱ्याने हवं तर एकेका टिंबावर बोट ठेवत मोजावेत.