नंदाकडे संशयानं बघायचं नाही

आमच्या पिढीनं घरबसल्या सिनेमा पाहिला तो आधी दुसऱ्याच्या घरी बसून. दूरदर्शनचं मुंबई केंद्र 1972 मध्ये सुरू झालं, पण टीव्ही आमच्या मजल्यावर यायला पुढं बरीच वर्षं गेली, आणि आला तोही शेजारच्या बिऱ्हाडात. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा, मध्येच बातम्या, पडद्यावर मुंग्या आल्या की एकजण गच्चीवर अँटेना फिरवणार आणि खालून सगळे ओरडणार, ‘आलं, आलं, गेलं!’ नंतर भाड्याचा व्हीसीआर आला. एका रात्रीच्या भाड्यात तीन कॅसेटी संपवायच्या म्हणून सकाळपर्यंत जागरण. मग सीडी, मग डीव्हीडी. एवढ्या वाटांनी एकच सिनेमा पाहिलेल्या माणसांना त्याची नवी आवृत्ती जोखायचा हक्क आहे, असं आम्हा चुलत-आतेभावंडांना मनापासून वाटतं.

म्हणून ‘इत्तेफाक’ची झळाळून काढलेली डीव्हीडी बाजारात आली तेव्हा आम्ही सगळे थोरल्या काकूंकडे जमलो.

‘इत्तेफाक’ 1969 चा. बी. आर. चोप्रांची निर्मिती, यश चोप्रांचं दिग्दर्शन. ‘आदमी और इन्सान’चं काम सायरा बानूंच्या आजारपणामुळं अडलं होतं, त्या मोकळ्या वेळात हा झटपट उरकला. ‘धुम्मस’ नावाच्या गुजराती नाटकाची गोष्ट, जवळजवळ एकच घर, बहुतेक एकच रात्र, आणि गाणं एकही नाही. त्याच वर्षी ‘आराधना’नं राजेश खन्नाला डोक्यावर घेतलं, आणि इथं तोच माणूस दाढी वाढलेला, बायकोच्या खुनाचा आरोप असलेला, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला. तो रात्री एका घरात शिरतो. घरात एकटी नंदा.

आमच्या घरात खरा प्रश्न इथं सुरू व्हायचा. नंदा म्हणजे मास्टर विनायकांची मुलगी, आपल्यातली. शिवाय ‘छोटी बहन’. रेडिओवर राखीपौर्णिमेला त्या सिनेमातलं राखीचं गाणं लागलं की काकूंचे डोळे भरायचे. त्यामुळे सिनेमा सुरू व्हायच्या आधीच त्यांनी नियम घालून दिला होता: संशय कुणावरही घ्या, नंदाकडे संशयानं बघायचं नाही. पोलिसांकडे बघा, डॉक्टरांकडे बघा. आता डॉक्टर म्हणजे गजानन जागीरदार, प्रभातचे रामशास्त्री! त्यांच्यावर संशय घ्यायला आप्पाकाकांची हरकत. उरले इफ्तेखार, पण त्यांनी केलेल्या इन्स्पेक्टरचं आडनाव कर्वे. म्हणजे मराठी माणसं वगळत गेलं तर आमच्या घरात खुनी सापडणंच मुश्कील होतं. शेवट मी इथं लिहिणार नाही. तो फोडणाऱ्याला आमच्याकडे चहासुद्धा मिळत नसे.

तर डीव्हीडी. व्हिडिओ कॅसेटवर काळा रंग कधी धड काळा नव्हताच, कडेला तांबूस झाक असायची. सीडीवर आणखी वाईट: अंधारी खोली आली की पडद्यावर चौकोन चौकोन पडायचे, आणि शंभर मिनिटांच्या आसपासच्या सिनेमाचे दोन तुकडे करून, नेमका श्वास रोखलेला असताना ‘दुसरी सीडी टाका’. त्यापुढं ही डीव्हीडी पाहून पहिली पाच मिनिटं आम्ही गप्पच झालो. भिंतीचा रंग दिसला, साडीचा काठ दिसला. राजेश खन्नाच्या कपाळावरचा घाम दिसला आणि आत्या पंचेचाळिशी ओलांडूनही लाजली.

मग खटकायला लागलं. सगळंच दिसत होतं. सुधारणाऱ्यांनी रात्रीची संध्याकाळ करून टाकली होती. जिन्याच्या वरच्या अंगाला पूर्वी काळोख होता, आणि त्या काळोखात कोण उभं असेल या विचारानं आम्ही एकमेकांचे हात धरायचो. आता तिथं फक्त सेटची भिंत दिसते, रंगाचे फटकारे मोजता येतील अशी. रहस्यपटाची प्रत तपासताना काय दिसतं हे सगळे बघतात, काय दिसू नये हे कुणी बघत नाही.

दुसरी तक्रार आवाजाची, आणि तीत मी सर्वांत जास्त भांडलो. या सिनेमाला यश चोप्रांच्या दिग्दर्शनाबरोबर ध्वनीसाठीही फिल्मफेअर मिळालं होतं. गाणी नसलेल्या सिनेमात पावलं, दार, टेलिफोन हीच गाणी. मूळ आवाज एकाच बाजूनं येणारा, मोनो. नव्या आवृत्तीत तो पाच स्पीकरांत वाटला होता आणि खरखर पुसून काढली होती. खरखर पुसताना दोन संवादांमधला खोलीचा बारीक आवाजही पुसला जातो. शांतता ऐकू येण्याऐवजी टीव्हीच बंद पडला की काय असं वाटतं. आतेभाऊ दोनदा उठून वायर हलवून आला.

आणि आकार. त्या काळचे बहुतेक हिंदी सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीतले. भाच्याच्या नव्या रुंद टीव्हीनं चित्र आडवं ताणलं, तर नंदा एकदम भरली. ‘बाळंतपणानंतरची दिसतेय,’ मावशी म्हणाली. हा दोष डीव्हीडीचा नव्हे, रिमोटचा. पण भाच्याला दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या ‘वाया गेलेली जागा’ वाटत होत्या, आणि त्यावरून जो वाद झाला त्यात अर्धा तास गेला. 2017 मध्ये ‘इत्तेफाक’ पुन्हा निघाला, तो भाच्याच्या पिढीतल्या मुलांनी थिएटरात पाहिलाय. आमचा त्यांना संथ वाटतो. वाटू दे.

एका बाबतीत मात्र डीव्हीडीला पूर्ण गुण. शेवट माहीत असलेल्या माणसानं हा सिनेमा पुन्हा पाहायचा तो नंदाच्या चेहऱ्यासाठी, आणि तो चेहरा आम्हाला इतक्या जवळून कधी मिळाला नव्हता. ती घाबरते तेव्हा किती घाबरते, कुठं थांबते, कुणाकडे बघते आणि कुणाकडे बघायचं टाळते, हे कॅसेटीच्या जमान्यात आम्ही नुसतं गृहीत धरलं होतं. त्या वर्षी तिला फिल्मफेअरचं नामांकन का मिळालं ते कळायला आम्हाला डीव्हीडी यावी लागली. 2014 मध्ये ती गेली तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी राखीचं गाणंच लावलं होतं. या भूमिकेचा तुकडा कुणी दाखवला असता तर बरं झालं असतं.

काकूंचा निकाल असा: चित्र ठेवा, ब्राइटनेस उतरवा, आवाज जुना द्या. आणि ज्यांनी ही डीव्हीडी काढली त्यांनी आता ‘कानून’ही नीट काढावा. 1960 चा, चोप्रांचाच, बिनगाण्यांचा. त्यात नंदा न्यायाधीशाची मुलगी आहे, आणि काकूंना तिथं एकही नियम घालावा लागत नाही.