सम येईपर्यंत थांब

"सुभद्रा काळी चार, धैर्यधर काळी एक, आणि संशयकल्लोळची तसबीर कुणाकडे?" दौऱ्याच्या पहिल्या बैठकीत कानावर पडलेलं हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. त्यातलं काहीही मला कळलं नव्हतं.

सांगलीतल्या या हौशी नाटकमंडळीत येऊन मला जेमतेम महिना झालाय. यंदाचा दौरा 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, इथूनच सुरू होईल. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' याच गावात केलं, त्यामुळे ही तारीख इथं घरच्या सणासारखी पाळतात. पुढे कोल्हापूर, सावंतवाडी आणि मग गोव्यातल्या जत्रा. माझ्याकडे प्रॉम्प्टिंग आणि सामान.

तसबिरीचा उलगडा त्यातल्या त्यात लवकर झाला. देवलांच्या या नाटकातला सगळा संशय एका तसबिरीभोवती फिरतो. त्यांच्या मूळ गद्य नाटकाच्या नावातच 'तसबिरीचा घोटाळा' आहे. ती हरवली तर प्रयोगच अडेल, म्हणून ती आता माझ्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेली असते. पात्रांनी मात्र मला खूप दमवलं. फाल्गुनराव, आश्विनशेट, कृत्तिका, रेवती. कुणाची एन्ट्री कधी, काही केल्या लक्षात राहीना. मग मंडळीतल्या एका काकूंनी सांगितलं, "अगं, पुरुष महिने आणि बायका नक्षत्रं." तेव्हापासून एकही नाव चुकलेलं नाही.

काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, आमच्या सुभद्रेचा षड्ज. आमचा ऑर्गन जुना, पायाने भाता मारायचा. आमचे ऑर्गनवादक अण्णा तो टेम्पोत चढवताना दोन गोधड्यांत बांधून घेतात. कोकणच्या दमट हवेत त्याच्या पट्ट्या अडकतात, म्हणून प्रयोगाआधी तासभर ते एकेक पट्टी दाबून कान देत बसतात. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

सौभद्रच्या तालमीत सुभद्रा एका पदात थांबली. मला वाटलं, ओळ विसरली. मी विंगेतून पुढचे शब्द मोठ्यानं दिले. तबला थांबला, गाणं थांबलं. ती विसरली नव्हती, तान घ्यायच्या बेतात होती. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "पुस्तकात बघू नकोस, ठेक्याकडे कान ठेव. सम येईपर्यंत थांब. शब्द समेवर येतो."

तेव्हापासून मी पुस्तक मांडीवर ठेवते आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, ऐकते. किर्लोस्करांच्या 1882 च्या सौभद्रात शंभराहून अधिक पदं आहेत. आम्ही निवडक घेतो, तरी त्यात साकी आहे, दिंडी आहे, कीर्तनाचा ढंग आहे, कथा सांगत पुढे जाणारं गाणं आहे. 1911 च्या मानापमानात, म्हणजे धैर्यधराच्या नाटकात, गोविंदराव टेंब्यांच्या चाली आल्या आणि गाणाऱ्याला रागात फिरायला मोकळीक मिळाली. एकाच आठवड्यात ही दोन्ही नाटकं करायची, तर तेच कलाकार जणू दोन वेगळ्या काळांत गातात. छापील पुस्तकात पद चार ओळींचं. रंगमंचावर ते चार मिनिटांचं होईल की दहा, हे त्या रात्री गाणारा, अण्णा, तबलजी आणि समोरचे रसिक मिळून ठरवतात. वन्स मोअर आला तर माझ्या वहीतल्या वेळा पुन्हा मांडायच्या. पहिले काही दिवस याने मी घाबरून जायची. आता मला हीच या नाटकांची खरी ताकद वाटते. ध्वनिमुद्रण ऐकून ती कळत नाही, त्यासाठी थिएटरात बसावंच लागतं.

म्हणून एक विनंती. प्रयोगाला याल तेव्हा तिसऱ्या घंटेआधी जागेवर बसा. बरोबर घरातलं एखादं शाळकरी पोरही आणा. पडदा नांदीवर उघडतो आणि नांदीला सगळी मंडळी एकत्र उभी राहून गातात. यंदा मागच्या रांगेत, डावीकडे, मीही आहे.