ब्रेक सुटला पाहिजे

ब्रेक लागत नाही म्हणून आलेली गाडी सोपी. गळती सापडते, रबर बदलतं, काम संपतं. डोकं खाते ती लागलेला ब्रेक न सोडणारी.

मॉरिस मायनरचंच घ्या. आपल्याकडे ती ‘बेबी हिंदुस्तान’ या नावानेही धावली. तिचा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली शोधू नका. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या पोटात. तेल घालायचं तरी गालिचा उचला. आणि खोलायचा तर बोल्टांच्या वाटेत टॉर्शन बार आडवा. १९४८ची ही गाडी आखणाऱ्या इसिगोनिसबद्दल मला फार आदर आहे, पण या कामाला बसलो की त्याच्या नावाने बोटं मोडतो.

सात सुतांचा बोअर. पिस्टनमागोमाग एक पातळ वाकडी चकती निघते, मग रबर, स्प्रिंग आणि तळाशी झडप. ही चकती कचरा समजून फेकणारे मेकॅनिक आहेत. ती नसली की पेडल परत येताना रबर पिस्टनच्या भोकांत ओढलं जाऊन कुरतडतं. झडपेचं काम आणखी नाजूक. पाय काढल्यावरही ती पाइपात थोडा दाब राखते, चौरस इंचाला दहाएक पौंड. त्यामुळे चाकांतल्या रबरांच्या कडा चिकटून राहतात, हवा आत शिरत नाही. ड्रमच्या स्प्रिंगा एवढ्या दाबाला जुमानत नाहीत. डिस्कला तशा स्प्रिंगाच नसतात. म्हणून हौसेने पुढे डिस्क बसवली की ही झडप काढावीच लागते.

धुवायला स्पिरिट. पेट्रोल, रॉकेल लागलं की रबर फुगतं आणि सुईएवढं परतीचं भोक झाकून टाकतं. मग खंडाळ्याच्या घाटात तापून फुगलेल्या तेलाने जावं कुठे? ब्रेक आपोआप आवळत जातो. ते भोक मी बॅटरी मारून बघतो, बारीक तार घालून बघतो. बोअरला खड्डे असतील तर घासत बसत नाही, सरळ स्लीव्ह घालतो.

सगळं बसल्यावर टोपण काढून पेडल हळूच दाबायचं. आत तेलाची बारीक चिळकांडी उडाली म्हणजे भोक मोकळं. पुशरॉडला किंचित ढिलाई हवीच; नाहीतर पिस्टन पुरता मागे येत नाही. मग एक फेरी मारायची, ब्रेक गरम करायचे आणि गाडी न्यूट्रलला टाकून हाताने ढकलायची. ब्रेकच्या कामाला गाडी ढकलतोय कशाला, असं मालकाच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असतं.